सरासरीतला ससा

आज सकाळी साडेनऊ वाजून गेले तरी माझ्या केबिनच्या खिडकीबाहेरचं निलगिरीचं झाड दिसत नव्हतं. डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की लखनौत हे ठरलेलंच. गोमतीवरून कोहरा उठतो, शहरभर पसरतो आणि दुपारपर्यंत हलत नाही. आमच्या घरी मराठीत बोलतानाही त्याला कोणी धुकं म्हणत नाही. धुकं हा महाबळेश्वरच्या सहलीतला शब्द आहे, इथे असतो तो कोहरा. ट्रक दिवे लावून एकामागे एक सरकत राहतात. रिक्षावाले समोर कोणी नसतानाही घंटी वाजवत जातात, कारण या दिवसांत दिसण्यापेक्षा ऐकू येणं अधिक भरवशाचं. विमानतळावर सकाळची विमानं जमिनीवरच उभी असतात.

नेमक्या त्याच वेळी आमच्या इमारतीत दोन विमानं पंखाला पंख लावून उडत असतात. एक तळमजल्यावरच्या खोलीत, दुसरं मागच्या शेडमध्ये. मध्ये दोनशे पावलांचं अंगण आणि त्याखालून गेलेली एक काळी केबल. दोन्हीकडे लाकडी चौकटीत बसवलेली कॉकपिटची खुर्ची, हातात दांडा, पायांखाली पेडलं आणि समोरच्या पडद्यावर आकाश. प्रत्येक संगणक दर सेकंदाला वीस वेळा दुसऱ्याला निरोप पाठवतो: मी इथे आहे, या दिशेने, या वेगाने चाललो आहे. दोन निरोपांच्या मधल्या फटीत दुसरा संगणक अंदाज करतो, की विमान मघाच्याच वाटेने पुढे जात असावं. निरोप वेळेवर आला तर अंदाज आणि वस्तुस्थिती यांत केसाएवढंही अंतर पडत नाही. निरोपाला उशीर झाला तर अंदाज भलतीकडे भरकटत जातो, आणि निरोप पोचताक्षणी पडद्यावरचं विमान झटक्याने आपल्या खऱ्या जागी येतं.

हा उशीर मोजणं हे माझं काम. तीन हिवाळ्यांपूर्वी ते मी एकटी करत होते. आता माझ्या हाताखाली सहाजण करतात.

नव्याने रुजू झालेल्यांना मी पहिल्याच दिवशी एक नियम सांगते: नुसती सरासरी मला आणून देऊ नका. हजार निरोपांपैकी साडेनऊशे वेळेवर आले आणि पन्नास अडकले, तर सरासरी त्या पन्नासांना पोटात घालून हसतमुख उभी राहते; वैमानिकाला मात्र ते पन्नासच दिसतात. मुलं वहीत लिहून घेतात. एखादा विचारतो, मॅडम, असं प्रत्यक्षात घडलंय का? मी सांगते, एका चाचणीत घडलं होतं, पुढे दुरुस्त केलं. त्या चाचणीत खुर्चीवर कोण बसलं होतं, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

विंग कमांडर सुर्वे साताऱ्याकडचे. त्या हिवाळ्यात बावन्न वर्षांचे होते. रक्तदाबापायी हवाई दलाने त्यांचं उड्डाण थांबवलं, तेव्हा ते निवृत्त झाले आणि तेलीबागेत घर बांधून राहिले. आमच्या कंपनीने त्यांना चाचणी वैमानिक म्हणून घेतलं. पदाचं नाव भारदस्त होतं. काम एवढंच, की आम्ही जे तयार करू त्यात बसायचं आणि ते खऱ्या विमानासारखं वागतं की नाही ते सांगायचं. खऱ्या विमानाच्या पुढच्या खुर्चीवर बसण्याची त्यांना परवानगी राहिली नव्हती. लाकडी चौकटीतली ही एक खुर्ची उरली होती, आणि ती राहील की जाईल हे त्या डिसेंबरातल्या चाचणीवर ठरणार होतं. ते त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मी चोवीस वर्षांची होते. बाबांची बँकेतली बदली अमरावतीहून लखनौला झाली, तेव्हापासून आम्ही जानकीपुरमला राहत होतो. मला एम. टेक.ला सुवर्णपदक होतं, आणि ज्यांना ते नव्हतं अशा माणसांशी बोलताना मी वाक्यं थोडी आखूड करत असे.

सुर्व्यांचा स्कूटरबाबत एक नियम होता. घराच्या गच्चीवर उभं राहून समोरच्या कॉलनीतली पाण्याची टाकी दिसली, तरच किक मारायची.

‘टाकी दिसत नाही म्हणजे व्हिजिबिलिटी पाचशे मीटरच्या खाली. टेक-ऑफ नाही,’ ते म्हणत.

‘सर, स्कूटरला टेक-ऑफ नसतो,’ मी म्हणे.

‘इजेक्शन सीटही नसते. म्हणून तर जास्त जपायचं, पोरी.’

टाकी बारा-साडेबाराला दिसे. ते एकच्या सुमारास येत, डबा खात, दोनला खुर्चीवर बसत. दुसरा वैमानिक सक्सेना तिशीचा होता आणि अंगणापलीकडच्या गेस्ट हाउसमध्ये राहत होता. तो नऊलाच उड्डाण आटोपून चहाला मोकळा होई. मी माझी मापनं नऊ ते दहा या वेळात घेई. तेव्हा इमारत रिकामी असे, केबलवर दुसरी वर्दळ नसे, आणि आकडे स्वच्छ मिळत. स्वच्छ हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा.

चाचणी साधी होती. पुढचं विमान म्हणून एक आधी नोंदवून ठेवलेलं उड्डाण मागच्या शेडमधून सोडायचं, आणि वैमानिकाने पाच मिनिटं त्याच्या पंखाशेजारी ठरावीक अंतर राखत उडायचं. अंतर किती कमीजास्त झालं ते संगणक कागदावर रेघेने काढून देई. सक्सेनाची रेघ शांत होती. सुर्व्यांची करवतीच्या दातांसारखी.

‘अगं, पुढचं विमान उड्या मारतंय,’ पहिल्या दिवशी खुर्चीवरून उतरताना ते म्हणाले.

‘कुठे मारतंय, सर?’

‘ससा कसा चालता चालता मध्येच टुणकन उडी घेतो, तसं. मग परत सरळ.’

‘नोंदवलेलं उड्डाण आहे ते. सक्सेनालाही हेच दाखवलं.’

‘मग सक्सेनाच्या वेळी ससा झोपला असेल.’

मी हसले. ते चांगलं बोलत, हे मला मान्य होतं. दुपारच्या चहाला मी ही गोष्ट कॅन्टीनमध्ये सांगितली, अगदी त्यांच्या आवाजात. दुसऱ्या दिवशी सक्सेनाने भर व्हरांड्यात विचारलं, ‘और सर, आज कितने ख़रगोश गिराए?’ आठवड्याभरात ड्रॉइंग ऑफिसपासून दरवाजावरच्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्यांचं नाव ख़रगोश साहब झालं. लखनौ माणसाची टिंगल करतानाही साहब काढून घेत नाही. त्या नावाची जन्मदात्री मी, हे त्यांना कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. माझ्याशी बोलताना त्यांच्या स्वरात काही फरक पडला नाही.

माझ्याकडे आकडा होता. निरोपाचा सरासरी उशीर एकतीस मिलिसेकंद, मर्यादा शंभराची. मी तो त्यांच्यापुढे ठेवला. ‘सर, ससा मला आलेखात दाखवा. लगेच मान्य करते.’

‘आलेखात कसा दाखवू? हाताला कळतंय.’

‘हात हे काही मापनाचं साधन नाही.’

त्यांनी हातमोजे काढले, एकात एक घातले आणि खिशात ठेवले. आज वाटतं, सव्वीस वर्षं ज्या माणसाचा जीव त्याच्या हाताने राखला, त्याला मी हे सांगत होते. तेव्हा मात्र आपण एक अचूक वाक्य बोललो याचंच समाधान होतं.

त्या थंडीतला एक रविवार लख्ख आठवतो. बाबांनी आम्हाला आणि सुर्वे पतिपत्नींना जुन्या शहरातल्या चौक बाजारात नेलं होतं. तिथे हिवाळ्यात सकाळी दुधाचा फेस मिळतो, केशराने पिवळसर झालेला. लोक त्याला मक्खन म्हणतात, पण तोंडात घातला की घातला होता की नाही अशी शंका यावी. ऊन चढलं की तो बसतो, म्हणून विकणाराला कोहऱ्याचं प्रेम. गल्लीत इतका दाट कोहरा होता की चिकनच्या भरतकामाच्या दुकानांवर टांगलेले पांढरे कुर्ते जिथे होते तिथे ते नुसतेच अधिक पांढरे दिसत होते. सुर्व्यांनी पानाचा द्रोण माझ्यापुढे धरला.

‘याचं वजन कर बघू. काट्यावर काही यायचं नाही. पण आहे की नाही?’

‘काटा चांगला असेल तर येईल, सर.’

काकू हसल्या. ‘हिच्याशी वाद घालू नका तुम्ही. हरवेल ती.’

‘हरवूच दे की,’ ते म्हणाले. ‘आपल्याच मुलीसारखी आहे.’

बैठक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली. आमचे विभागप्रमुख तिवारीजी जुने लखनवी. कोणाला नोकरीवरून कमी करायचं झालं तरी आधी चहात साखर किती हे विचारणारे. टेबलाखाली हीटर, टेबलावर भाजलेले शेंगदाणे आणि हिरवी चटणी. मी दोन्ही रेघा पडद्यावर एकाखाली एक लावल्या.

‘तो फिर देरी कहाँ है, बिटिया?’ तिवारीजींनी विचारलं.

मी उत्तर पाठ करून गेले नव्हते, तरी ते पाठ केल्यासारखं आलं. साखळीत तीन कड्या आहेत: यंत्र, तार आणि माणूस. पहिल्या दोन मोजल्या आहेत आणि मर्यादेत आहेत. उरलेली देरी वैमानिकाच्या प्रतिसादात आहे.

सुर्वे टेबलाच्या टोकाला बसले होते. शेंगदाणा सोलता सोलता थांबले. ‘मेरे हाथ में?’

‘हाथ तो आपके हीरा हैं, सर,’ तिवारीजी म्हणाले. ‘बस, अब थोड़ा आराम माँगते हैं.’

सगळे हसले. कोणालाही लागणार नाही अशा बेताने हसले. सुर्वेही हसले, क्षणभर उशिराने, आणि माझ्या मनात आलं, बघा, इथेही उशीर. हे मनात आल्याचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

खुर्ची सक्सेनाला मिळाली. सुर्व्यांना ‘मार्गदर्शक’ केलं. बाहेरून पाहुणे आले की त्यांनी निळा ब्लेझर घालायचा, छातीवर पंखांचा बिल्ला लावायचा आणि लोकांना इमारत दाखवायची. ‘यहाँ पायलट बैठता है,’ ते सांगत, आणि सक्सेना पडद्यावरून नजर न काढता हात वर करी.

त्यानंतर आठवड्याभराने मला बंगळूरला ग्राहकांसमोर अहवाल मांडायला पाठवायचं ठरलं. जोडीला एक ताजा आलेख हवा होता. त्या दिवशी सकाळी वीज नव्हती; ती दुपारी आली. आयुष्यात पहिल्यांदा मी जेवणानंतर मापन घेतलं.

बहुतेक ठिपके नेहमीच्या जागी होते, खाली, तीसच्या आसपास. पण दर पंधरा-वीस सेकंदांनी एक पुंजका थेट वर चढलेला. तीनशे, चारशे मिलिसेकंद. मी पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग वर गेले. पहिल्या मजल्यावरच्या ड्रॉइंग ऑफिसात पद्धत अशी होती, की सकाळभराची ड्रॉइंग्ज जेवण झालं की एकगठ्ठा शेडमधल्या प्लॉटरकडे, म्हणजे नकाशे काढणाऱ्या यंत्राकडे, पाठवायची. त्याच केबलवरून. माझ्या निरोपांना त्या गठ्ठ्यांमागे रांगेत उभं राहावं लागत होतं. मी त्यांची जोडणी दहा मिनिटं काढायला लावली. तिथले मिश्राजी कुरकुरले, ‘मैडम, आपका जहाज़ उड़े न उड़े, हमारा नक्शा तो निकलने दीजिए.’ दहा मिनिटं पुंजके गायब. जोडणी परत लावली, पुंजके परत.

ससा होता.

खाली येऊन मी सुर्व्यांच्या जुन्या नोंदी काढल्या. त्यांत प्रत्येक निरोप पोचल्याची वेळ पहिल्यापासून होती. मी तिकडे बघितलं नव्हतं, कारण सकाळचे स्वच्छ आकडे हाताशी होते. पारदर्शक कागदावर वेळा काढल्या आणि तो कागद त्यांच्या रेघेवर ठेवला. करवतीचा प्रत्येक दात एका उडीनंतर लगेच सुरू होत होता. पुढचं विमान भरकटताना दिसलं की त्यांचा हात भरकटण्यामागे जात होता, आणि ते झटक्याने जागेवर आलं की हातही झटक्याने परत. मंद हाताच्या माणसाला हा गोंधळ कळलाच नसता. तो हलायच्या आत सगळं पुन्हा सुरळीत झालं असतं, आणि त्याची रेघ शांत आली असती. सुर्व्यांची रेघ वाकडी होती कारण त्यांचा हात जलद होता. सक्सेनाला दुपारी दोनला बसवून पाहणं, हा यानंतरचा योग्य प्रयोग होता. मी तो केला नाही.

मी जे केलं ते असं. ड्रॉइंग ऑफिससाठी स्वतंत्र केबल मागवली. मागणीपत्रात कारण लिहिलं, भविष्यातील वाढीव वापर. अहवालाला हात लावला नाही. मनाशी हिशेब मांडला: अहवाल मागे घेतला तर ग्राहकाचा सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडेल, प्रकल्प थांबेल, इतक्या लोकांचं काम जाईल, आणि सुर्व्यांना आज ना उद्या ती खुर्ची सोडावी लागणारच आहे. हे सगळे युक्तिवाद निर्दोष होते. त्यांतल्या एकाचाही निर्णयाशी संबंध नव्हता. मला बंगळूरला जायचं होतं.

गेले. टाळ्या मिळाल्या. पुढच्या तिमाहीच्या अहवालात मीच लिहिलं, की नेटवर्कच्या कामगिरीत लक्षणीय सुधारणा झाली आहे. वर्षाच्या शेवटी ही केबिन मिळाली.

सुर्व्यांनी मार्चमध्ये नोकरी सोडली. तेलीबागेचं घर विकलं आणि दोघं साताऱ्याला गेली. राजीनाम्याची प्रत माझ्याही टेबलावरून गेली, कारण तोवर अशा गोष्टी माझ्या टेबलावरून जाऊ लागल्या होत्या. कारणाच्या रकान्यात मराठी वळणाच्या देवनागरीत एकच शब्द होता: वयोमानानुसार. हा शब्द त्यांना कोणी दिला, ते मला ठाऊक आहे.

त्या संक्रांतीला काकूंकडे हळदीकुंकू होतं. केबलचा उलगडा होऊन चार दिवस झाले होते. आईने ओढून नेलं नसतं तर मी गेले नसते. बाहेरच्या खोलीत छावणीतल्या आणि बँकेतल्या बायका काळ्या साड्या नेसून दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्या मुली मराठी प्रश्नांना हिंदीत उत्तरं देत होत्या, आणि जो तो दुसऱ्याला गोड बोलायची विनंती करत होता. सुर्व्यांनी आतल्या खोलीच्या दारातून मला खूण केली.

‘बस. एक काम आहे. हिला बोलू नकोस.’ त्यांनी टेबलाच्या खणातून लाकडी फूटपट्टी काढली. ‘आमच्या वेळी गंमत म्हणून करायचो. एकाने वरून सोडायची, दुसऱ्याने खाली चिमटीत पकडायची. कितव्या सेंटीमीटरला पकडली त्यावरून हात किती जलद ते कळतं. पकडायला मला येतं. आकड्याचा अर्थ लागत नाही. तो तू लाव.’

मी पट्टी त्यांच्या बोटांच्या वर धरली. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं, चष्मा सारखा केला आणि बोलणं बंद केलं. मी न सांगता सोडली. सोळावर पकडली. पुन्हा. पंधरा. चौदा. पंधरा. पंधरा.

हे गणित करायला मला कागद लागत नाही. सेकंदाच्या सहाव्या हिश्शाहून किंचित जास्त. बाहेर अंगणात खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांतल्या कोणाला बसवलं असतं, तर त्याने कदाचित वीसला, म्हणजे आणखी उशिरा, पकडली असती.

‘पंधरा धरू या,’ ते म्हणाले. ‘म्हणजे चांगलं की वाईट?’

बाहेर कोणीतरी उखाणा घेत होतं आणि अडलं होतं. बायका हसत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. असता, तर मला सोपं गेलं असतं.

‘वाईट नाही, सर,’ मी म्हणाले. ‘पण वैमानिकाचं दहा-अकराला यायला हवं. वयोमानानुसार थोडं होतंच.’

‘दहा-अकरा.’

‘हो.’

‘सक्सेनाचं येत असेल?’

‘येत असावं.’

त्यांनी पट्टी घेतली आणि टेबलाच्या कडेशी समांतर ठेवली. थोडी तिरकी होती, ती सरळ केली.

‘मग बरोबर होतं तुझं,’ ते म्हणाले. ‘मी आपला इतके दिवस मनात धरून बसलो होतो, की पोरीने मोजण्यात काहीतरी घोळ घातलाय. हिच्यापाशी बोललोही तसं. चूक झाली माझी. मनात ठेवू नकोस.’

काकू तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन दारात आल्या. सुर्व्यांनी त्यातला एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. त्यांचा हात जराही हलत नव्हता.

‘नाही ठेवणार, सर,’ मी म्हणाले.